ॲडलेड ते आल्बनी, वायलीच्या वाटेने

बाबा मे महिन्यात म्हसवडहून आमच्याकडे ॲडलेडला आले तेव्हाच म्हणाले होते की मला बीच आणि मॉल नको, मुलूख दाखव. जुलैमध्ये लेकीला दोन आठवडे शाळेची सुट्टी असते, नवऱ्यानेही रजा काढली, आणि आम्ही चौघं गाडीने निघालो ते थेट ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य टोकाला आल्बनीपर्यंत. नऊ दिवस, साधारण पावणेतीन हजार किलोमीटर. ह्या रस्त्याच्या मोठ्या टप्प्याला एअर हायवे म्हणतात. एडवर्ड जॉन एअर नावाचा इंग्रज १८४१ मध्ये ह्या किनाऱ्याने घोडे घेऊन गेला त्याचं नाव दिलंय. पण त्याच्यासोबत शेवटपर्यंत चाललेला माणूस म्हणजे वायली, आल्बनीच्या बाजूचा, नूंगार ह्या आदिवासी समाजातला तरुण. मी एअरची रोजनिशी फोनवर घेतली होती, रोज रात्री त्यातलं थोडं मराठीत सांगायचं असं ठरलं होतं, आणि खरं सांगते, दुसऱ्या दिवसापासून आमची ट्रिप एअरची राहिली नाही, वायलीची झाली.

दिवस १, ॲडलेड ते किंबा

पहिला दिवस नुसता गाडी चालवण्यात गेला. पोर्ट ऑगस्टाला इडली-चटणी खाल्ली (घरून नेलेली), आणि संध्याकाळी किंबाला पोचलो. गव्हाची शेतं, मोठे सायलो, आणि गावाच्या बाहेर गलाह पक्ष्याचा एक प्रचंड पुतळा, लेकीने त्याच्यासोबत वीस फोटो काढले.

रात्री बाबांना सुरुवात सांगितली. एअर १८ जून १८४० ला ॲडलेडहून निघाला तो पश्चिमेला नाही तर उत्तरेला. देशाच्या मध्यापर्यंत जायचं होतं. पण जिकडे जावं तिकडे खारट तळी, शेवटी एका डोंगरावर चढून त्याने हात टेकले आणि त्या डोंगराचं नाव ठेवलं माउंट होपलेस, ते नाव अजून नकाशावर आहे. मग रिकाम्या हाताने परतायचं नाही म्हणून पश्चिमेचा किनारा धरला. बाबा म्हणाले, "हट्टी दिसतोय."

दिवस २, सेडूना आणि फाउलर्स बे

सेडूनाला ऑयस्टर मिळतात, नवऱ्याने आणि लेकीने डझनभर खाल्ले. बाबांनी एक चाखला आणि म्हणाले लिंबू चांगलं आहे. सेडूनाच्या पुढे पेनाँगला जुन्या पवनचक्क्या मांडून ठेवल्यात, जमिनीतलं पाणी उपसायच्या, आणि तिथून पुढे झाडं कमी कमी होत जातात.

हायवे सोडून डावीकडे कच्च्या रस्त्याने फाउलर्स बेला गेलो. अगदी चिमुकलं गाव, एक धक्का, थोडी घरं आणि गावाच्या अंगावर येणाऱ्या पांढऱ्या वाळूच्या टेकड्या. धक्क्यावर एक आजोबा गळ टाकून बसले होते, त्यांनी बाबांना न विचारताच दुसरा गळ हातात दिला. दोघांना एकमेकांचं बोलणं फारसं कळत नव्हतं पण दीड तास दोघं शेजारी बसून होते आणि येताना बाबांकडे चार मासे. ते रात्री केबिनमध्ये तिखट-मीठ-हळद लावून तळले.

ह्याच फाउलर्स बेहून एअर २५ फेब्रुवारी १८४१ ला शेवटच्या टप्प्याला निघाला. बाकीच्या माणसांना त्याने परत पाठवलं होतं. उरले पाच जण: तो, त्याचा मुकादम जॉन बॅक्स्टर, जोई आणि यारी ही पूर्वेकडच्या मुलखातली दोन आदिवासी पोरं, आणि वायली. वायलीला एअरने आदल्या वर्षी आल्बनीहून बोटीने ॲडलेडला आणलं होतं, आणि जानेवारीत त्याला दुसऱ्या बोटीने इथे बोलावून घेतलं. म्हणजे बाकीचे अनोळखी मुलखात चालले होते आणि वायली घरी चालला होता. मी हे वाचल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे वाटाड्या." मला हा शब्द इतका बरोबर वाटला! आपल्याकडे सह्याद्रीत गडावर जाताना पायथ्याच्या गावातून वाटाड्या घेतात तसा. पण पुढे दोन दिवसांत कळलं की गोष्ट तितकी सरळ नाहीये.

इथे एक महत्त्वाचं सांगते. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर ताजी फळं, भाज्या, कांदे, बटाटे, मध काही नेऊ देत नाहीत, गाडी उघडून बघतात. म्हणून मी फाउलर्स बेलाच सगळे बटाटे उकडून भाजी केली, कांदे-मिरच्या संपवल्या, उरलेल्या कोथिंबिरीची चटणी वाटली. शिजवलेलं त्यांनी बघून जाऊ दिलं. पुढच्या चार दिवसांना दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, तूप, तांदूळ आणि पिठल्याचं पीठ एवढ्यावर छान भागतं.

दिवस ३, हेड ऑफ बाइट

हा दिवस मी जन्मभर विसरणार नाही. ग्रेट ऑस्ट्रेलियन बाइट म्हणजे देशाच्या दक्षिणेचा तो मोठा अर्धगोल, त्याच्या माथ्यावर हेड ऑफ बाइट. साधारण जून ते सप्टेंबर सदर्न राइट जातीचे देवमासे अंटार्क्टिकाकडून इथे पिल्लं घालायला येतात. लाकडी पायवाटेवरून खाली उतरलो आणि समोर, अगदी खाली, आई आणि पिल्लू. पाणी इतकं स्वच्छ की पूर्ण शरीर दिसतं. श्वास सोडल्याचा आवाज वरपर्यंत येतो, म्हैस फुरफुरते तसा पण कितीतरी खोल. लेकीने मोजले, एकोणीस. बाबा कठड्याला धरून नुसते उभे, मधे एकदा म्हणाले, "तुझी आई हवी होती गं."

ही जागा यलाटाच्या आनंगू आदिवासी लोकांच्या मुलखात आहे. तिथल्या एका ताईंना मी एअरबद्दल विचारलं, तर त्यांनी पूर्वेकडच्या पांढऱ्याशुभ्र टेकड्यांकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या पाणी तिथे होतं, आमच्या लोकांना कायम माहीत होतं. आणि रोजनिशीत तेच आहे! एअरला हे पाणी सापडलं नाही, त्याला ते इथल्या माणसांनी दाखवलं. वाळू खणून केलेले खड्डे, तळाला गोडं पाणी. पुढे कडे लागतील, मग अमुक दिवसांनी पुन्हा वाळू लागेल, तिथे खणा, हेही त्यांनीच खुणांनी सांगितलं.

बाबा हे ऐकून एकदम जागे झाले. "अगं मग हा झिराच की!" माणगंगेच्या पात्रात ७२ च्या दुष्काळात त्यांनी स्वतः झिरे खणलेत, करवंटीने एक एक थेंब गोळा करून हंडा भरायला पहाटेपासून नंबर लावायचा. मग त्यांनी मला समजावलं की वाळूत पावसाचं पाणी जिरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोडं पाणी तरंगून राहतं, फार खोल खणलं की खारं लागतं, आणि झिऱ्याची कड ढासळू न देता खणणं हीच खरी विद्या. एअरच्या घोड्यांना पाणी पाजताना वाळू ढासळायची हे त्याने लिहिलंय ते मी नंतर वाचून दाखवलं, तर बाबा म्हणाले, बरोबर.

आणि इथेच मला उमगलं की वायलीचं घर इथून हजार किलोमीटरच्याही पुढे, इथली भाषा त्याला येत नव्हती, इथलं पाणी त्याला ठाऊक नव्हतं. ह्या टप्प्यात तो एअरइतकाच परका. खरे वाटाडे होते ते इथले लोक, ज्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. मग वायली काय होता? हा प्रश्न डोक्यात घेऊनच झोपले.

मुक्काम नलरबोर रोडहाऊसला, म्हणजे हायवेवरचा पेट्रोल पंप, किचन आणि थोड्या खोल्या. खोल्या मोजक्या असतात, सुट्टीच्या दिवसांत दोन महिने आधी बुक करा. रात्री चार डिग्री आणि वारा असा की दार ढकलून उघडावं लागत होतं.

दिवस ४, कडे आणि युक्ला

नलरबोर म्हणजे लॅटिनमध्ये एकही झाड नाही. जवळपास दोन लाख चौरस किलोमीटरचा चुनखडीचा सपाट पत्रा. पाऊस पडला तरी फटींतून खाली निघून जातो, वर नदी नाही, ओढा नाही. आणि हा पत्रा समुद्राला येऊन एकदम कापल्यासारखा संपतो, ते बंडा क्लिफ्स, साठ ते शंभर मीटरच्यावर उंच. हायवेवरून दोन-तीन ठिकाणी बघायला जाता येतं. कृपा करून मुलांचा हात सोडू नका, कठडे सगळीकडे नाहीत आणि कड खालून पोखरलेली असते.

एअरची माणसं ह्या कड्यांवरून पाच दिवस चालली. खाली समुद्र, वर खडक, प्यायला थेंब नाही. मग युक्लाजवळ वाळूच्या टेकड्या दिसल्या आणि खणल्यावर पाणी लागलं, जसं सांगितलं होतं तसंच. बाबांना वाळू बघायचीच होती, म्हणून संध्याकाळी युक्लाच्या जुन्या टेलिग्राफ स्टेशनला गेलो. १८७७ मध्ये सुरू झालेलं दगडी ठाणं, आता वाळूत गाडलं गेलंय, नुसत्या भिंती आणि धुराडी वर. बाबांनी बोटांनी वाळू उकरून बघितली, ढोपरभर गेल्यावर ओल लागली. इतके खूश झाले ना!

घड्याळाची गंमत म्हणजे युक्लाच्या आसपास वेळ पर्थच्या ४५ मिनिटं पुढे असते, ना इकडची ना तिकडची. रोडहाऊसचं किचन कधी बंद होतं ते त्यांच्या घड्याळाप्रमाणे विचारून ठेवा, नाहीतर उपाशी झोपायची वेळ येते.

दिवस ५, युक्ला ते केगुना

मुंद्राबिला, मदुरा, कॉकलबिडी. नकाशावर गावं वाटतात पण प्रत्येक ठिकाणी एक पेट्रोल पंप, एक किचन, थोड्या खोल्या, बस. डिझेल प्रत्येक ठिकाणी भरा, पुढचा पंप दोनशे किलोमीटरच्या आत असतो पण बंद असला तर पंचाईत. पाणी मात्र घरूनच न्या, माणशी दहा लिटर तरी. रोडहाऊसवाल्यांकडे पाणी टंचाईचं असतं, भरून मागू नये. आणि सूर्य मावळायच्या आत मुक्काम गाठा, कांगारू आणि उंट रस्त्यावर येतात.

कॉकलबिडीच्या दक्षिणेला किनाऱ्यावर एअर सँड पॅच आहे. तिथे पोचेपर्यंत घोड्यांना सात दिवस पाणी नव्हतं. पहाटे झुडपांवरचं दव स्पंजने टिपून एअर भांड्यात पिळायचा, आणि मॅलीच्या झाडांची मुळं उपटून, उभी करून त्यातून पाणी गाळायचं. मग वाळूत खणून पाणी लागलं आणि जवळजवळ महिनाभर ते तिथेच थांबले. अन्न संपत आलं, घोडा मारून खाल्ला. एप्रिलच्या शेवटाला यारी आणि वायली दोघं निघून गेले, तीन-चार दिवसांनी उपाशी परत आले. बॅक्स्टर म्हणत होता मागे फिरू, एअर म्हणत होता पुढे. मला त्या पोरांचा राग येत नाही. कुणाच्या तरी हट्टापायी त्यांना असल्या मुलखात आणलेलं, वाट्याला आलेलं खाणं सगळ्यात आधी कमी होणार, आणि निर्णयात त्यांना कुणी विचारत नव्हतं.

दुपारनंतर ढग भरून आले आणि केगुनाला पोचेपर्यंत पाऊस. नलरबोरवर पाऊस! आम्हाला बॅक्स्टरच्या स्मारकापर्यंत जायचं होतं, हायवेच्या दक्षिणेला कड्याजवळ आहे, रस्ता कच्चा आणि फक्त फोर-व्हील-ड्राइव्हचा. रोडहाऊसमध्ये रोड ट्रेन (मागे दोन-तीन ट्रेलर जोडलेला लांबलचक ट्रक) चालवणारा एक दणकट माणूस जेवत होता, त्याला नवऱ्याने विचारलं तर म्हणाला ओल्या चुनखडीत रुतलात तर दोन दिवस तिथेच. रद्द केलं. बाबांना वाईट वाटलं, पण त्या माणसाने त्यांना आपल्या ट्रकच्या केबिनमध्ये चढवून बसवलं, हॉर्न वाजवू दिला, आणि बाबांनी त्याला आमच्यातली दशमी आणि चटणी दिली. तिखट लागलं म्हणाला पण दुसरी मागून घेतली.

त्या रात्री मी ती रात्र वाचली. २९ एप्रिल १८४१. एअर घोडे राखत लांब उभा होता. बंदुकीचा आवाज, आणि अंधारातून वायली धावत आला, ओरडत. बॅक्स्टर रक्तात पडलेला, जोई आणि यारी बंदुका आणि शिधा घेऊन गेलेले. मागे राहिलं साधारण ४० पाउंड पीठ, थोडा चहा-साखर आणि ४ गॅलन पाणी. खडक इतका कठीण की थडगंसुद्धा खणता आलं नाही, मढं ब्लँकेटमध्ये गुंडाळून तसंच ठेवावं लागलं. आणि दुसऱ्या दिवशी ती दोघं लांबून झुडपांतून मागे मागे येत होती, वायलीला हाका मारत होती. एअरला म्हणत होती, तू नको आम्हाला, वायली हवाय.

वायली गेला नाही.

का गेला नाही हे कुठेही लिहिलेलं नाही. सगळं एअरच्या हातचं, वायलीचा स्वतःचा एक शब्द नाही. एअरला तर त्या रात्री वायलीवरही संशय होता. मी ते वाचून थांबले, लेक म्हणाली, "आई, हाक मारत होते तर त्याने मागे वळून बघितलं असेल का?" कोणीच काही बोललं नाही, बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता. मग बाबा म्हणाले, त्याचं घर पुढे होतं ना, मागे कशाला जाईल. मला हे पटतं, पण पूर्ण नाही. त्याच्यासारखीच दोन पोरं, महिनोन्महिने एका जाळाभोवती बसलेली, हाका मारतायत, आणि हा एका थकलेल्या परक्या माणसाबरोबर चालत राहतो. ते दोघं पुन्हा कधी दिसले नाहीत.

दिवस ६, नव्वद मैल सरळ

केगुना ते बॅलडोनियाच्या वाटेवर १४६.६ किलोमीटर रस्ता एकदम सरळ, एकही वळण नाही. दर तासाला चालक बदला, डोळा लागतो. बॅलडोनियाला १९७९ मध्ये स्कायलॅब अंतराळस्थानकाचे तुकडे पडले होते, त्यांचं छोटं म्युझियम रोडहाऊसमध्येच आहे. बाबांना ते दिवस चांगलेच आठवत होते, डोक्यावर पडेल म्हणून आपल्याकडेही लोक घाबरले होते! पुढे झाडं सुरू झाली, तांब्याच्या रंगाच्या चकचकीत खोडांची निलगिरी, आणि चार दिवसांनी सावली बघून कसं बरं वाटलं काय सांगू. नॉर्समनला मुक्काम, गरम पिठलं-भात.

दिवस ७ आणि ८, एस्परन्स

एस्परन्सला नेटवर्क, भाजी, कॉफी सगळं मिळालं. जवळच केप ला ग्रँड नॅशनल पार्क, त्यातल्या लकी बेची वाळू पिठासारखी पांढरी आणि पाय टाकला की चुंई चुंई आवाज. कांगारू आपले निवांत किनाऱ्यावर. त्यांना खायला घालू नका, लोक घालतात आणि ते आजारी पडतात.

पण आम्हाला जायचं होतं रॉसिटर बेला, त्याच पार्कच्या पूर्वेला. कच्चा रस्ता आहे, सावकाश गेलो. कोणीही नव्हतं. बॅक्स्टर गेल्यावर महिनाभर एअर आणि वायली दोघंच चालले. ह्या महिन्यात वायलीने कांगारू मारले, खेकडे, मासे, एकदा किनाऱ्यावर मेलेला पेंग्विन. एअर त्याच्या भुकेबद्दल बरंच लिहितो, किती खाल्लं ते मोजून. मला ते वाचायला आवडलं नाही. इतके महिने अर्धपोटी चाललेला तरुण पोरगा, खाणारच. आणि दोघंही त्याच घोड्याचं मांस खात होते.

२ जून १८४१ ला समुद्रात जहाज दिसलं. मिसिसिपी नावाचं फ्रेंच देवमासे मारणारं जहाज, कप्तान मात्र इंग्रज, रॉसिटर. त्याने दोघांना दोन आठवडे जवळजवळ पोसलं, कपडे दिले, पुढचा शिधा दिला. एअरने उपसागराला त्याचं नाव दिलं. वायलीचंही नाव आहे, एस्परन्सजवळ वायली बे आणि पूर्वेकडे वायली स्कार्प नावाची कड्यांची रांग. पण मी विचारलेल्या चार जणांपैकी तिघांना वायली बे हे कुणाचं नाव ते माहीत नव्हतं.

लेकीने रॉसिटर बेच्या वाळूवर मोठ्या देवनागरी अक्षरात "वायली" लिहिलं. लाट आली तरी काना आणि ली बराच वेळ राहिले होते.

दिवस ९, आल्बनी

पावणेपाचशे किलोमीटर, पूर्ण दिवस पाऊस. एअर आणि वायलीलाही शेवटचे तीन आठवडे असाच पाऊस आणि थंडी लागली, वाळवंट ओलांडल्यावर नद्या छातीइतक्या पाण्यातून ओलांडाव्या लागल्या. पण इथून पुढे मुलूख वायलीच्या ओळखीचा होत गेला आणि रोजनिशीत ते जाणवतं, तो पुढे पुढे चालायला लागतो.

संध्याकाळी पावसातच माउंट क्लॅरेन्सवर गाडी नेली. खाली किंग जॉर्ज साउंड, राखाडी पाणी, बेटं, गाव. गाडीतच काचा वर करून मी शेवटचं पान वाचलं. ७ जुलै १८४१. गावाच्या बाहेर एक ओळखीचा माणूस भेटतो, तो सांगतो तुम्ही मेलात असंच सगळे धरून चालले होते. तो हाक देतो, रानातून माणसं धावत येतात, बाया, पुरुष, म्हातारे, आणि वायलीला मिठ्या मारून रडतात. एअरही लिहितो की ते बघून त्याला भरून आलं. सहा दिवसांनी तो जहाजात बसून ॲडलेडला गेला. वायली इथेच, आपल्या माणसांत राहिला, एअरने त्याला सरकारी शिधा मिळेल अशी व्यवस्था करून दिली. एअरला १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं.

बाबांनी विचारलं पुढे त्या एअरचं काय झालं. सांगावं की नाही असं झालं होतं पण सांगितलं. तो जमैकाचा गव्हर्नर झाला आणि १८६५ मध्ये तिथल्या काळ्या गरीब लोकांनी मोरंट बेला उठाव केला तेव्हा त्याने तो चिरडला, चारशेच्या वर माणसं मारली गेली. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ज्याला वायलीने पोचवलं, त्याने?" हो म्हटलं. मला अजूनही ह्या दोन माणसांची मोट बांधता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ओळखीतल्या ओळखीने आल्बनीतल्या एका मराठी घरी जेवायला गेलो. कधी न भेटलेली माणसं, पण वरण-भात, लिंबू, तूप आणि बटाट्याची काचऱ्यांची भाजी, बाबा दोनदा भात मागून घेत होते. परत येताना बाबा आणि लेक आल्बनीहून पर्थमार्गे विमानाने आले, गाडी आम्ही दोघांनी पाच दिवसांत आणली. बाबांसारखे वयस्कर सोबत असतील तर तसंच करा, एका बाजूचा प्रवास पुरेसा होतो. आणि पूर्वेकडे येताना फळं-भाज्यांची तपासणी सेडूनाला होते, हद्दीवर नाही, तेवढं लक्षात ठेवा.